सिंधुदुर्गातील रोजगार : मालकाला माणूस नाही, माणसाला नोकरी नाही

सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ वर आली. दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया हे प्रमाण पाहिले, की कोण बाहेर गेले याचाही अंदाज येतो. ‘कामाला माणूस मिळत नाही’ आणि ‘इथे नोकरी नाही’ ही दोन्ही वाक्ये मी एकाच वाडीत, कधी कधी एकाच घरात ऐकत आलो आहे. माझ्या मते दोन्ही खरी आहेत. ती एकाच वेळी खरी कशी ठरतात, हे ज्यांनी अनुभवले त्यांनी लिहावे, अशी विनंती आहे. सरकारने काय करावे यापेक्षा आपले काम, हंगाम, मजुरी आणि जमीन यांविषयी लिहिल्यास अधिक उपयोग होईल.

आंबा बागायतदार, देवगड तालुका

दिवाळीच्या सुमारास आमच्या बागेत नेपाळी कुटुंब राहायला येते आणि पावसाच्या तोंडावर परत जाते. फवारणी, माकडांपासून राखण, झेल्याने (जाळी लावलेल्या लांब काठीने) आंबा उतरवणे, प्रतवारी, पेट्या भरणे ही सारी कामे तेच करतात. गावातील मुले आळशी झाली, असे आमच्यापैकी अनेकजण म्हणतात. मला ते पटत नाही. मी ज्याला सात-आठ महिने काम देतो, त्याने उरलेले चार-पाच महिने काय करावे, याचे उत्तर माझ्याकडे नाही. शिवाय बागेत काम करणाऱ्या मुलाचे लग्न जमत नाही, ही गोष्ट मजुरीच्या दराइतकीच महत्त्वाची आहे. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे समाधान आहेच. परंतु कामाचे महिने त्यामुळे वाढले नाहीत.

काजू कारखान्यातील कामगार महिला

उकडलेली बी गार झाली की आम्ही कटरवर बसतो. एका हाताने बी पात्यांमध्ये धरायची, दुसऱ्याने दांडा ओढायचा आणि गर अख्खा बाहेर काढायचा. अख्ख्या गराला एक दर आणि तुकड्याला कमी, अशी किलोवर मजुरी असल्याने हात शिकेपर्यंतच्या काळात मिळकत फारच थोडी होते. टरफलातील तेलाने बोटे काळी पडतात आणि कातडी निघते. त्यासाठी खोबरेल तेल लावून बसावे लागते. माझ्या शेजारणीने याच कारणाने काम सोडले.

तरीही हे काम मला हवे आहे, कारण ते घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. अडचण वेगळी आहे. काजू बी बाजारात येते ती साधारण फेब्रुवारी ते मे या काळात. वर्षभर कारखाना चालवायचा तर मालकाला तेवढ्या महिन्यांतच वर्षाची बी विकत घेऊन ठेवावी लागते, आणि लहान मालकाजवळ एवढे भांडवल नसते. बँकेचे कर्ज कमी पडले की गणपतीनंतर बी संपते आणि आम्हांला घरी बसवले जाते. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने काजूच्या उत्तम जाती दिल्या, लागवड वाढली. पण बी साठवण्याच्या पैशाची सोय त्या प्रमाणात झाली नाही, असे मला वाटते.

पदविकाधारक तरुण, बांदा परिसर

मी रोज दुचाकीने गोव्यात कामाला जातो. कंत्राटी नोकरी आहे. कंत्राट नव्याने होईल की नाही, हे अखेरच्या आठवड्यापर्यंत कळत नाही. बागायतदार काकांनी लिहिले ते खरे आहे, पण माझ्या बाजूने एवढे सांगतो की मला बारा महिने पगार देणारा कोणताही मालक चालला असता. शिकलो त्या यंत्रावरचे काम जिल्ह्यात शोधले, मिळाले नाही.

जलक्रीडा व्यावसायिक, मालवण

मेअखेर आमच्या बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि सप्टेंबरपर्यंत उत्पन्न थांबते. शिकवून तयार केलेली मुले या काळात मुंबईला जातात आणि त्यांतील काही परत येत नाहीत.

मुंबईहून परतलेला गृहस्थ, कणकवली तालुका

आमचे वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर मनीऑर्डर थांबली, तेव्हा या घराला दुसरे उत्पन्नच नव्हते. मला गावातच न्याहरी-निवास सुरू करायचा आहे, काजूवर प्रक्रियाही करायची आहे. परंतु सातबारा सामायिक आहे; आजोबांच्या पिढीपासूनचे वारस मुंबई, पुणे, बडोदा येथे विखुरलेले आहेत आणि काहींची नोंदच झालेली नाही. त्यांच्या संमतीवाचून बँक जमीन तारण घेत नाही. दोन माणसांना बारमाही काम देण्याची माझी तयारी या कागदाशी अडली आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे वाटप मागता येते, हे मला ठाऊक आहे; मात्र बाहेरगावच्या वारसांची संमती कोणी प्रत्यक्ष कशी मिळवली आणि मोजणीपर्यंत प्रकरण कसे नेले, हे ज्यांनी पार पाडले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.