फोन नेमका कुणाच्या हातात असतो?

अनोळखी आवाजापाशी माणूस मोकळं बोलतो, म्हणून मानसिक आरोग्याची पाहणी घरी न जाता फोनवरच करावी, असं काहीजण म्हणतात. अर्धं पटतं. पण फोन कुणाचा, हे आधी बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वतःच्या वापराचा मोबाइल असलेल्या बायका देशभरात ५४ टक्केच होत्या. बीड जिल्ह्यात मी पाहणीचं काम केलं, तेव्हा नंबर बाईचा आणि उचलायचा मुलगा. मग स्पीकर चालू, शेजारी सासू. "झोप लागते का, मावशी?" "लागते की." तीच मावशी पुढे शेतात भेटली. कापूस वेचता वेचता म्हणाली, "रातभर डोळ्याला डोळा लागत नाही बघ, बाबा."

घरी गेलं की एकांत मिळतोच असं नाही, ओसरीवर पाच मिनिटांत गल्ली जमते. शेत बरं.

पण दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या घरांना कुलूप असतं. तिथे फोनच पोचतो, तोही रात्री. समोरासमोरचाच हट्ट धरला तर नेमकी हीच माणसं पाहणीतून गळतात.

मला खरी काळजी नैराश्याच्या पीएचक्यू-९ प्रश्नावलीतल्या नवव्या प्रश्नाची वाटते: मेलेलं बरं असं वाटतं का? समोर 'हो' आलं तर वही मिटून बसता येतं. फोनवर रेंज गेली की संपलं. म्हणून गाव आणि दुसरा नंबर सुरुवातीलाच विचारावा, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर सांगावा, आणि पहिला प्रश्न "आत्ता जवळ कुणी आहे का?" हाच असावा. असेल, तर वेळ बदलून घ्यावी.