कॅसेटवाला ८-बिट टीव्ही गेम पुन्हा चालू करायचा आहे: एकाला लाइट नाही, दुसऱ्यावर करडा पडदा

अरुणावतीकाठ (दिग्रस तालुका, यवतमाळ)

नमस्कार मंडळी. गावात नव्वदच्या दशकातले दोन कॅसेटवाले टीव्ही गेम आणि ६० पिनच्या अकरा कॅसेट निघाल्या आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचनालयाच्या खोलीत पोरांसाठी लावायच्या आहेत. सध्याची अवस्था:

पहिल्या सेटचा स्विच टाकला तरी लाइट लागत नाही. अडॅप्टर जुना, ट्रान्सफॉर्मरवाला, जड. त्यावर ९ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअर लिहिलं आहे, पण मोकळा मोजला तर १२.८ व्होल्ट दाखवतो.

दुसऱ्याला लाइट लागतो, पण पडद्यावर नुसता करडा रंग, आवाज नाही. कॅसेट हलवली की क्षणभर रंगीत चौकटी येतात.

रिमोट चार आहेत. दोघांच्या वायरी तुटल्या, एकाचं ए बटण लागत नाही. टीव्ही ३२ इंची एलईडी आहे, एक जुना डब्बा टीव्हीही आहे. लाइन संध्याकाळी १७० पर्यंत पडते आणि रात्री उशिरा २५० च्या वर जाते.

बाजारात तयार नवा सेट मिळतो हे माहीत आहे. आम्हाला हेच चालवायचे आहेत. आणि जमत असेल तर एखादा मराठी गेम यावर टाकता येईल का?

---

सोल्डरभाऊ

भाऊ, आधी पॉवरचं पाहजा, बाकी सगळं त्याच्यानंतर.

सेट उघडला की आत तीन पायांचा ७८०५ (अडॅप्टरचं व्होल्टेज ५ वर आणणारा रेग्युलेटर) दिसेल, बहुतेक वेळा ॲल्युमिनियमच्या पत्र्याला स्क्रूने लावलेला. छापील बाजू आपल्याकडे धरली तर डावा पाय इनपुट, मधला ग्राउंड, उजवा ५ व्होल्ट आउटपुट. अडॅप्टर न लावता मीटर ओहमवर ठेवून उजव्या आणि मधल्या पायात मोजा. शंभरच्या वर ओहम आले तर पुढे जा. दोन-चार ओहमच आले तर बोर्डावर कुठंतरी शॉर्ट आहे, तिथं ७८०५ बदलून काही होत नाही, नवाही तापून बंद पडेल.

मग अडॅप्टर लावून इनपुटचा पाय पाहा. तिथंच शून्य असेल तर अडॅप्टरची पिन, सॉकेटचा सोल्डर किंवा स्विच गेला. हे सॉकेट अडॅप्टर ओढल्यामुळे बोर्डावरून उखडते, भिंगातून पाहिलं तर सोल्डरभोवती गोल भेग दिसते. इनपुटला १२ आणि आउटपुटला शून्य असेल तर ७८०५ उडाला. १०-१५ रुपयांचा भाग आहे, अमरावती-यवतमाळला कोणत्याही टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे मिळते.

आता तो उडतो काहून, ते समजून घ्या, नाही तर नवाही तसाच जाईल. असा सेट साधारण ३०० मिलिअँपिअर खातो. ७८०५ वरचं जास्तीचं व्होल्टेज उष्णता करून टाकतो. १२ व्होल्ट आत आले तर (१२ - ५) × ०.३ म्हणजे २.१ वॅट. पत्रा नसेल तर दर वॅटला चिपचं तापमान साधारण ६५ अंशांनी चढते, म्हणजे १३६ अंश. त्यात आपल्या मे महिन्यातले ४५ मिळवा. १५० च्या आसपास तो स्वतःच बंद होतो. गेम वीस मिनिटं चालून थांबतो आणि थंड झाला की पुन्हा चालतो, त्याचं कारण बहुतेक हेच असते.

उलट संध्याकाळी १७० व्होल्ट लाइनवर तुमचा ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लोडवर साडेसहाच्या आसपास उतरेल. ७८०५ ला इनपुट किमान ७ लागते. मग चित्र थरथरते, गेम मधेच रीसेट होतो आणि लोक कॅसेटला दोष देत बसतात.

म्हणून तो जड अडॅप्टर बाजूला ठेवा. ९ व्होल्ट १ अँपिअरचा एसएमपीएस (ट्रान्सफॉर्मरवाला नाही, हलका स्विचिंगवाला) अडॅप्टर घ्या, राउटरला येतो तसा. त्यावर १००-२४० व्होल्ट इनपुट छापलेलं पाहूनच घ्या. रात्रीच्या चढ्या लाइनसाठी आधी स्टॅबिलायझर किंवा इन्व्हर्टर असला तर बरं. पिनची पोलॅरिटी मात्र तपासा: मूळ फॅमिकॉमला (निंटेंडोचा जपानी सेट, आपले सेट त्याच्याच नकला) आतली पिन निगेटिव्ह असते, नकलांमध्ये दोन्ही प्रकार सापडतात. सेटच्या मागे गोलाचं चिन्ह असते, ते पुसलं असेल तर सॉकेटचा कोणता पाय ग्राउंडला जातो ते मीटरने पाहा. उलटी लावली आणि आत संरक्षक डायोड नसला तर एका क्षणात काम संपते.

लाइनच जात असेल तर ७८०५ काढून टाका आणि त्याच्या आउटपुटच्या जागी यूएसबीचे ५ व्होल्ट थेट द्या. पॉवर बँकवर तासन्‌तास चालते. ७८०५ जागेवर ठेवून त्याच्या आउटपुटला बाहेरून ५ व्होल्ट देऊ नका.

---

अरुणावतीकाठ

मोजलं. ५ व्होल्ट ते ग्राउंड ४८० ओहम. इनपुटला १२.६, आउटपुटला शून्य. ७८०५ बदलल्यावर ५.०२ आले आणि पहिला सेट डब्बा टीव्हीवर चालू झाला! पण चित्रात दोन रुंद, फिकट आडव्या पट्ट्या हळूहळू वर सरकतात. एसएमपीएस अडॅप्टर अजून आणलेला नाही, जुनाच लावला आहे.

---

सोल्डरभाऊ

दोन पट्ट्या म्हणजे १०० हर्ट्झचा रिपल, डीसीत उरलेली लाइनची लहर. पडदा सेकंदाला ५० वेळा रंगतो, म्हणून दोन दिसतात. अडॅप्टरमधला किंवा बोर्डावर इनपुटजवळचा मोठा कपॅसिटर सुकला. १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा टाका. जुन्यावर १६ व्होल्ट लिहिलं असलं तरी २५ चाच घ्या. पट्टीची बाजू मायनस. एकच पट्टी असती तर अडॅप्टरमधला एखादा डायोड गेला समजायचं. आउटपुटला १०० मायक्रोफॅरड आणि सोबत ०.१ चा सिरॅमिक आहे का तेही पाहजा. एसएमपीएस आल्यावर पट्ट्या जातीलच, पण सुकलेला कपॅसिटर बोर्डावर तसाच ठेवू नका.

---

वऱ्हाडी_८बिट

दुसऱ्या सेटच्या करड्या पडद्याबद्दल.

कॅसेटमध्ये दोन वेगळ्या रॉम असतात, एक प्रोग्रामची, एक चित्रांची. ६० पिनच्या कनेक्टरचाही एक अर्धा भाग प्रोग्रामचा (पिन १ ते १५ आणि समोरच्या ३१ ते ४५) आणि उरलेला मुख्यतः चित्रांचा. म्हणून लक्षणावरून जागा कळते. संगीत वाजते, गेम चालतो पण चित्रांचा चुरा दिसतो: चित्रांकडचा कॉन्टॅक्ट. एकच सपाट रंग आणि आवाज नाही: प्रोग्राम वाचलाच जात नाही, पहिल्या अर्ध्याकडे बघा. तुमचं दुसरं आहे, आणि हलवल्यावर चौकटी येतात म्हणजे चिप जिवंत असण्याची शक्यता चांगली.

कॅसेट फुंकू नका. फुंकल्याने चालते ती खरं तर पुन्हा काढून घातल्याने. तोंडातला ओलावा मात्र तांब्यावर हिरवा गंज आणतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, जुन्या सुती बनियनचा तुकडा जाड पुठ्ठ्यावर ताणून बांधा आणि कॅसेटच्या सोनेरी पट्ट्या उभ्या दिशेने पुसा. काळे डाग हटले नाहीत तर पांढरा मऊ खोडरबर हलक्या हाताने. सँडपेपर अजिबात नाही. वरचा मुलामा फार पातळ असतो, तो निघाला की प्रत्येक पावसाळ्यात पट्टी पुन्हा काळी पडेल.

कनेक्टरच्या आत कापसाची तूस आणि धूळ बसून वाटीसारखा गठ्ठा होतो. ब्रशने आणि हवेच्या फुग्याने काढा. मग टॉर्च मारून प्रत्येक पत्ती बघा. सगळ्या एका रेषेत हव्यात. एखादी मागे दबलेली असेल तर वाकवलेल्या सुईने अर्धा मिलिमीटर पुढे ओढा, जास्त नाही, तुटते. शेवटी बोर्ड उलटा करून कनेक्टरचे साठही सोल्डर पुन्हा गरम करा. वर्षानुवर्षं कॅसेट दाबून घातल्याने तिथं भेगा पडतात.

एवढं करूनही करडाच राहिला तर बोर्डावर काय आहे ते बघा. ४० पायांच्या दोन मोठ्या चिप दिसल्या (यूए६५२७पी आणि यूए६५३८ असे नंबर असू शकतात) तर मूळ फॅमिकॉमचे नकाशे वापरून पुढे शोधता येते. निंटेंडोने फॅमिकॉम १९८३ मध्ये जपानात आणला आणि २००३ मध्ये उत्पादन थांबवलं, आणि जगभरच्या हौशी लोकांनी त्याची पिन न पिन कागदावर उतरवून ठेवली आहे. चिपऐवजी काळा थेंब (चिप आत झाकून वरून ओतलेली राळ) असेल आणि तोच मेला असेल तर तो सेट सुट्या भागांसाठी ठेवा.

टीव्ही: डब्बा टीव्हीच मुख्य ठेवा. एलईडीवर पिवळी आणि पांढरी एव्ही वायर लावली तर चालेल, फक्त पिक्चर सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा, नाही तर बटण दाबल्यावर उडी उशिरा बसते. सेटला एव्ही नसून फक्त अँटेनाची वायर असेल तर आतल्या पत्र्याच्या डबीपर्यंत व्हिडिओची वायर जातेच. यूए६५३८ ची पिन २१ व्हिडिओची. तिला बीसी५५७ ट्रान्झिस्टरचा बेस जोडा, कलेक्टर ग्राउंडला, एमिटरपासून ५ व्होल्टला ३०० ओहम, आणि एमिटरपासूनच ११० ओहम व २२० मायक्रोफॅरड (प्लस एमिटरकडे) मधून पिवळी वायर. डबीकडे जाणारा जुना व्हिडिओ तोडा, नाही तर चित्र फिकट येते.

बंदूक असेल तर ती एलईडीवर कधीच चालणार नाही. तिचा सेन्सर डब्बा टीव्हीचा किरण रेषा मारत जातो त्याच ठेक्यावर बसवलेला असतो. आणि डब्बा टीव्हीचं मागचं झाकण उघडू नका, बंद असतानाही पिक्चर ट्यूबवर हजारो व्होल्ट राहतात.

---

सोल्डरभाऊ

रिमोटचं थोडक्यात. वायर पाचच: ५ व्होल्ट, ग्राउंड, लॅच, क्लॉक, डेटा. तुटते ती रिमोटच्या तोंडाशी. पाच सेंटिमीटर कापून नव्याने सोल्डर करा, पण रंगावर भरवसा ठेवू नका, दोन रिमोटचे रंग सारखे निघत नाहीत. मीटर बझरवर ठेवून ९ पिनच्या प्लगपासून बोर्डापर्यंत एकेक वायर वाजवून कागदावर लिहून घ्या. आत तोंडाशी एक गाठ मारा, ताण सोल्डरवर येत नाही.

ए बटण: रबराखालची काळी गोळी आणि बोर्डावरची जाळी अल्कोहोलने पुसा. गोळी गुळगुळीत झाली असेल तर टाकाऊ टीव्ही रिमोटमधली गोळी ब्लेडने कापून चिकटवा.

---

पिक्सेलपाटी

मराठी गेम नक्की टाकता येतो, आणि ६० पिनच्या सेटमध्ये कुलूप-चिप नसल्यामुळे तुम्हाला कुणाची परवानगीची चिप लागत नाही.

सर्वांत साधा बोर्ड घ्या: ३२ किलोबाइट प्रोग्राम, ८ किलोबाइट चित्रं. लिहायला सीसी६५ हा मोफत कंपायलर, तपासायला मेसेन एमुलेटर (संगणकावर सेटची नक्कल करणारा प्रोग्राम). मेसेनमध्ये रीजन डेंडी (५० हर्ट्झच्या नकली सेटचा प्रकार) निवडा. आपल्याकडचे बरेच सेट ५० हर्ट्झचे. बोर्डावरच्या क्रिस्टलवर २६.६०१ लिहिलं असेल तर हेच. मोजणी फ्रेमवर ठेवली असेल तर सेकंदाला ६० नाही, ५० धरा.

देवनागरी ८ × ८ च्या चौकटीत बसत नाही, मात्रा चिरडतात. एका अक्षराला १६ × १६, म्हणजे चार चौकटी द्या. पडद्यावर १६ अक्षरं रुंद आणि १५ ओळी उंच एवढी जागा. पार्श्वभूमीसाठी एका वेळी २५६ चौकटीच मिळतात, म्हणजे कमाल ६४ अक्षरं, त्यातच चित्रंही. म्हणून पूर्ण वर्णमाला टाकू नका. आधी गेममधली सगळी वाक्यं लिहून काढा, त्यात येणारी अक्षरंच काढा. रिकामी आणि नुसत्या शिरोरेषेची चौकट सगळ्यांना एकच वापरा, तिथं खूप वाचते.

विषय म्हणाल तर शंकरपट. पण एका आडव्या रेषेवर ८ च स्प्राइट (हलणाऱ्या चित्राचे ८ पिक्सेल रुंद तुकडे) दिसतात. बैलजोडी आणि छकडा मिळून ४० पिक्सेल म्हणजे ५ स्प्राइट. दोन जोड्या एकाच उंचीवर आल्या की १० होतात आणि शेवटचे दोन गायब. दोन धावा वर-खाली ठेवा, रेषा एकमेकींत शिरू देऊ नका, दोन्ही जोड्या स्वच्छ दिसतील.

कॅसेट बनवताना काळ्या थेंबाची नको, सुट्या चिपची, बंद पडलेली कॅसेट फोडा. प्रोग्रामला २७सी२५६ ईप्रॉम (पुसून पुन्हा लिहिता येणारी ३२ किलोबाइटची चिप). चित्रांसाठी ८ किलोबाइटची २७सी६४ मिळत नसेल तर तिथंही २७सी२५६ लावा आणि ८ किलोबाइटची तीच फाइल चार वेळा सलग लिहा. वरच्या दोन ॲड्रेस पिना ग्राउंडला गेल्या काय की ५ व्होल्टला, फरक पडत नाही, फक्त मोकळ्या सोडू नका. पिन १ मात्र ५ व्होल्टलाच. जुन्या चिपच्या आणि ईप्रॉमच्या पिना सगळ्याच जुळतील असं नाही, कनेक्टरपासून बझर लावून एकेक तपासा. लिहायला टीएल८६६ प्रोग्रामर पुरतो. चिपच्या काचेच्या खिडकीवर जाड काळी टेप लावा, उन्हाने हळूहळू पुसली जाते.

---

अरुणावतीकाठ

पिना ओढल्यावर आणि सोल्डर गरम केल्यावर दुसऱ्या सेटवर सात कॅसेट चालल्या. त्याच्या क्रिस्टलवर २६.६०१७१२ आहे. उरलेल्या चारपैकी एकीत सुट्या चिप आहेत, २८ पायांच्या दोन. तीच शंकरपटासाठी ठेवतो. अक्षरांची यादी इथंच टाकू का?

---

पिक्सेलपाटी

टाका. सोबत त्या बोर्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो द्या. एच आणि व्ही लिहिलेल्या दोन छोट्या सोल्डरच्या जागा असतात, त्यांतली कोणती जोडलेली आहे ते दिसू द्या. पडदा आडवा सरकवायचा असेल तर ती बदलावी लागेल का, ते त्यावरून कळेल.