हिरवळीचं काम शिकायचंय? आधी दोन हंगाम मैदानावर, मग वर्गात

खुरपं (धागाकर्ता)

क्रीडा मैदानं, गोल्फ कोर्स, मोठ्या बागा यांची निगा राखणं हा आता रीतसर शिकायचा व्यवसाय झाला आहे. टर्फ मॅनेजमेंट (म्हणजे हिरवळीची निगा), उद्यानविद्या वगैरे एक-दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत आणि शाळा संपवून या कामात येऊ पाहणारी मुलं आल्या आल्या विचारतात, "प्रवेश कुठे घेऊ?" माझं उत्तर त्यांना आवडत नाही. मी म्हणतो, इतक्यात कुठेच घेऊ नकोस. दोन हंगाम मैदानावर राब आणि मग वर्गात जाऊन बस.

या कामातली निम्मी विद्या डोळ्यांत आणि तळपायात असते. पाण्याचा ताण बसायला लागला की गवत लगेच पिवळं पडत नाही. आधी त्याची चमक जाते, रंग निळसर-करडा होतो, आणि त्यावरून चालत गेलात तर मागे पावलं उमटून तशीच राहतात. दबलेलं पान उठत नाही. पुस्तकात हे एका ओळीत आहे. पण भर दुपारी अख्ख्या मैदानातून तो चटईएवढा तुकडा हुडकायचा, तिथे सुरी खुपसून मातीची खपली वर काढायची आणि पाणी कमी दिलंय की दिलेलं पाणी आत मुरतच नाहीये हे ठरवायचं, हे वर्गात बसून येत नाही. दोन्हीचं रूप वरून सारखंच दिसतं, उपाय मात्र वेगळे आहेत.

यंत्रांचंही तेच. प्रमाणपत्र घेऊन आलेला मुलगा बुरशीची शास्त्रीय नावं धडाधड म्हणून दाखवतो. त्याला रील मोवरची (फिरत्या पात्यांच्या गवत कापायच्या यंत्राची) पाती जुळवायला द्या. फिरतं पातं आणि खालचं स्थिर पातं यांच्यामध्ये कागदाची पट्टी धरायची, रील हातानं हळू फिरवायचं (जपून, बोटं आपलीच आहेत) आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत कागद सारखा कापला जातो का ते पाहायचं. जिथे कागद नुसता दुमडतो तिथे गवतही कापलं जाणार नाही, फाटणार. दुसऱ्या दिवशी लांबून पाहिलंत तर त्या पट्ट्यावर पांढुरकी झाक दिसते, आणि अशी फाटकी टोकं म्हणजे रोगाला उघडं दार.

ज्याच्या नावाशिवाय या व्यवसायाचा इतिहास सांगता येत नाही तो टॉम मॉरिस 1865 मध्ये स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या गोल्फ मैदानाची निगा राखायला लागला. गोल्फचे चेंडू बनवायला शिकलेला माणूस. हिरवळीवर वाळू पसरायची पद्धत त्यानं रुजवली, ती आजही चालू आहे. त्याला कुणी पदविका विचारली नव्हती.

---

सामू_सात

पूर्ण असहमत. टॉम मॉरिसचं उदाहरण तर तुमच्याच विरुद्ध जातं. असा एक निघाला म्हणून आपण दीडशे वर्षं त्याचं नाव घेतोय. बाकीच्या हजारोंनी मैदानं कशी जाळली, बुडवली, याची नोंद कोण ठेवणार?

मी हे शिकवतो, त्यामुळे माझा कल कुठे असणार हे उघड आहे. पण दोन-तीन गोष्टी अशा आहेत की त्या मैदानावर आयुष्य घालवूनही कळत नाहीत, उलट मैदान तुम्हाला चुकीचंच शिकवतं.

पहिली गोष्ट, पाणी. अमेरिकन गोल्फ संघटनेनं, म्हणजे यूएसजीएनं, 1960 मध्ये हिरवळ बांधायची जी पद्धत छापली तिचा गाभा असा: खाली साधारण 10 सेंटिमीटर खडी, वर साधारण 30 सेंटिमीटर वाळूचं मिश्रण. कुणालाही वाटेल, वाळूखाली खडी आहे म्हणजे पाणी भराभर निघून जाईल. नाही जात. वाळूतली बारीक छिद्रं पाणी धरून ठेवतात, आणि वाळूचा खालचा थर पुरता भिजेपर्यंत ते खडीत उतरत नाही. म्हणूनच मुळांना ओलावा मिळतो. आता बांधताना एका कोपऱ्यात वाळू 30 ऐवजी 20 सेंटिमीटरच पडली, तर तो ओला थर पृष्ठभागाजवळ येतो. तिथे शेवाळ धरतं, मुळं कुजतात. अनुभवी माणूस खणतो, खाली ओल पाहतो आणि "अजून खडी टाका" म्हणतो. त्यानं काहीच सुधारत नाही, कारण वाळूची जाडी तेवढीच राहते.

दुसरी गोष्ट, वेळ. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात 1856 मध्ये एका कुरणाचे वाफे पाडून वेगवेगळी खतं द्यायला सुरुवात झाली. तो प्रयोग अजून चालू आहे. अमोनियम सल्फेट घालत राहिलेल्या आणि चुना न दिलेल्या वाफ्यांत माती आंबट होत गेली आणि गवताच्या-फुलांच्या कितीतरी जातींपैकी मोजक्याच टिकल्या. हा बदल इतका सावकाश होतो की एका माणसाच्या नोकरीत तो "हल्ली इथे काही नीट येत नाही बुवा" एवढाच जाणवतो. सामू (pH, म्हणजे माती किती आंबट आहे त्याचा आकडा) मोजायचा असतो, हे कुणीतरी सांगावंच लागतं.

तिसरी गोष्ट, हिशेब. हेक्टरी 25 किलो नत्र द्यायचंय, मैदान हजार चौरस मीटरचं, हातात युरिया, त्यात 46 टक्के नत्र. किती किलो? अडीच भागिले 0.46, म्हणजे 5.4 किलोच्या आसपास. वर्षानुवर्षं काम केलेली माणसं इथे "दोन घमेली" म्हणतात. घमेलं कुणाचं?

---

ब्रशकटर

खुरपं यांना +१. कोर्ससाठी कर्ज काढायचं आणि बाहेर पडल्यावर त्याच पगारावर तेच गवत कापायचं, याला काय अर्थ आहे? मैदानावर निदान पहिल्या दिवसापासून हातात पैसे येतात.

---

लव्हाळा

"दोन हंगाम मैदानावर राब" म्हणणाऱ्यांना एक विचारते. त्या दोन हंगामांत नव्या माणसाच्या हातात नेमकं काय देतात?

मला तणाचा वाफा दिला होता. एक अख्खा हंगाम खुरपणी. ज्या तणाचं नाव मी इथे घेतलंय ते उपटत होते, पुन्हा उगवत होतं, पुन्हा उपटत होते. तिथल्या एकानंही सांगितलं नाही की हे गवत नाहीच, मोथा कुळातलं आहे. दांडा बोटांत फिरवला तर तीन कडा लागतात. खाली गाठींची माळ असते आणि वरचा शेंडा ओढला की गाठी तशाच राहून पुन्हा फुटतात. रुंद पानांच्या तणांवरची औषधं किंवा फक्त गवत मारणारी औषधं त्याला लागू पडत नाहीत, हेही कुणी सांगितलं नाही. त्यांना माहीतच नव्हतं की सांगायची गरज वाटली नाही, कोण जाणे. मोवरच्या जवळ मात्र जाऊ दिलं नाही. "बाईमाणसाला जड जाईल." बसून चालवायचं यंत्र होतं ते!

मोवर, ट्रॅक्टर, बूम स्प्रेयर (आडव्या दांड्यावर नोझल असलेला फवारणी पंप) हे सगळं मी पहिल्यांदा चालवलं ते अभ्यासक्रमात, कारण तिथे यादीत माझं नाव होतं आणि पाळी आली की द्यावंच लागायचं. तुम्ही म्हणता ती मैदानावरची विद्या खरी आहे. पण ती ज्याच्यावर मुकादमाची मर्जी त्याच्याच वाट्याला येते.

---

खुरपं

@लव्हाळा, तुमच्या बाबतीत झालं ते वाईटच झालं, आणि असं सर्रास होतं हेही खरं. पण हा दोष मालकांचा. त्यासाठी शिकणाऱ्यानं पदरचे पैसे घालून वर्गात का बसावं? शिकाऊ म्हणून घेतलं तर कुठली यंत्रं कधीपर्यंत शिकवणार हे लेखी घ्या.

@सामू_सात, युरियाचा हिशेब संध्याकाळच्या वर्गातही शिकवता येतो, त्याला दोन वर्षं कशाला? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या कृषी महाविद्यालयानं 1927 मध्ये मैदानं सांभाळणाऱ्यांसाठी हिवाळी वर्ग सुरू केले. थंडीत गवत वाढत नाही, माणसं मोकळी असतात, तेव्हा या आणि शिका. येणारा माणूस आपल्या मैदानाचे प्रश्न खिशात घेऊन यायचा. मी मागतोय तो हाच क्रम.

---

लव्हाळा

लेखी घ्या म्हणे. पहिली नोकरी मागायला गेलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीनं?

---

कलमी_आंबट

थोडं अवांतर, पण राहवत नाही. तुम्ही सगळे गवतावरच अडलात. नुसत्या टर्फचं शिक्षण घेतलेला माणूस मैदानाच्या कडेचं झाड पाहतो तेव्हा त्याला फक्त सावली दिसते. सावलीत हिरवळ विरळ होते, मुळं पाणी ओढतात, म्हणून "झाड काढा". उद्यानविद्या शिकलेला आधी खालच्या फांद्या उचलून सकाळचं ऊन आत येतंय का ते बघेल, सावली सोसणारी जात लावेल, आणि तेही जमलं नाही तर तिथे हिरवळीचा हट्ट सोडून झुडपं लावेल. कामं मिळण्याच्या दृष्टीनंही रुंद शिक्षण बरं. छाटणी, कलमं, रोपवाटिका येत असेल तर मैदानाचं काम मंदावलं तरी हात रिकामे राहत नाहीत.

---

बिनपगारी_माळी

गवत कापणारे रोबो आलेत. ओलाव्याचे सेन्सर आलेत. तुमची ती कागदाची पट्टी आणि पावलांचे ठसे आणखी किती दिवस? शिकायचंच असेल तर मुलांनी यंत्रांची दुरुस्ती आणि आकडे वाचणं शिकावं. बाकी सगळं स्मरणरंजन आहे.

---

खुरपं

रोबोच्या पात्याला धार कोण लावतं, साहेब?

---

सामू_सात

या एका मुद्द्यावर मी खुरपं यांच्या बाजूनं. सेन्सर जिथे पुरलाय तिथला ओलावा सांगतो. तो कुठे पुरायचा हे ठरवायला मैदान माहीत असावं लागतं. वाळूच्या हिरवळीत हवा खेळली नाही की आत काळा थर धरतो आणि मातीची खपली नाकाशी नेली तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. आकडा "ओलावा भरपूर" म्हणेल आणि बघणारा खूश होईल.

पण म्हणून आधी मैदान हे मला पटत नाही. फवारणीचंच घ्या. पंपाचा दाब तोच, नोझल तेच, आणि चढावर गाडीचा वेग ताशी 4 किलोमीटरवरून 3 वर आला, तर त्या पट्ट्यात औषधाची मात्रा एक तृतीयांशानं वाढते. मिनिटाला बाहेर पडणारं पाणी तेवढंच असतं, पण तेवढ्या वेळात अंतर कमी कापलं जातं. न शिकलेल्या माणसाला हे पहिल्यांदा कळतं ते गवत करपल्यावर, आणि विषारी औषध असेल तर कदाचित त्याच्या स्वतःच्या अंगावर उठल्यावर. मोवर चुकवला तर गवत पुन्हा वाढतं. औषधाच्या बाबतीत "करून शीक" म्हणायला मी धजावणार नाही.

---

खुरपं

फवारणीच्या पंपाला प्रशिक्षणाशिवाय हात लावायचा नाही, हे बिनशर्त मान्य. त्यासाठी दोन वर्षं लागत नाहीत, एवढंच म्हणतो.

---

परदेशी_पाचोळा

हे भांडण जर्मनीत बऱ्याच आधी मिटवून ठेवलंय. तिथे माळीकाम ही तीन वर्षांची उमेदवारी आहे. शिकाऊ मुलगा एखाद्या आस्थापनेत पगारावर काम करतो आणि अधूनमधून व्यवसायशाळेत जातो. सात शाखा आहेत: बागबांधणी, रोपवाटिका, फुलं, बहुवर्षायू फुलझाडं, भाजी, फळं, आणि चक्क दफनभूमीची बागसुद्धा. आधी काय आणि मग काय हा प्रश्नच उरत नाही.

---

ब्रशकटर

ते तिथे चालतं, कारण शिकाऊ पोरगा घ्यायला मालक तयार असतात. जिथे तयार नसतात तिथे काय करायचं? शाळा आहे, पण काम देणारा नाही, असं झालं तर पुन्हा वर्गच राहतो.

---

लव्हाळा

अगदी. आणि मालक का तयार नसतात हेही बोलूया. शिकवलेला मुलगा दुसऱ्या वर्षी शेजारच्या मैदानावर जातो, मग मी का शिकवू, हा त्यांचा हिशेब. जर्मनीत शिकाऊ उमेदवारीला कराराची आणि परीक्षेची चौकट आहे. नुसतं "मैदानावर राब" म्हणून ती उभी राहत नाही.

---

सामू_सात

परीक्षेचं म्हणाल तर आमच्याकडचीही वाईटच आहे, हे मी शिकवणारा असून म्हणतो. "हिरवळीवरील कोणत्याही चार रोगांची लक्षणे लिहा." चार रोग पाठ केलेला पास होतो. त्याऐवजी मेलेल्या गवताचा एक खरा तुकडा पुढे ठेवावा, मागच्या काही दिवसांच्या पाण्याच्या-खताच्या नोंदी द्याव्यात आणि विचारावं: बुरशी, हुमणी, खताचा चटका, की कुणी पेट्रोल सांडलंय? हुमणीनं मुळं खाल्ली असतील तर गवत गालिच्यासारखं उचलून येतं. पेट्रोल असेल तर डागाची कड रेखीव असते. काय तपासलं आणि कुठल्या क्रमानं, यालाच गुण द्यावेत.

---

खुरपं

अशी परीक्षा घेणारा अभ्यासक्रम असेल तर मी स्वतः मुलं पाठवीन. पण तुमच्या परीक्षेत पास कोण होईल? ज्यानं आधी असे तुकडे उचलून पाहिलेत तोच ना?

---

सामू_सात

किंवा ज्याला आम्ही वर्षभर ते उचलायला लावलेत तो. अभ्यासक्रमात मैदान असतंच की. नसेल तर तो अभ्यासक्रम घेऊच नये.

---

लव्हाळा

मग मुलांना प्रवेशाआधी विचारायचे प्रश्न तरी सांगून ठेवते, वाद चालू राहू दे. संस्थेकडे स्वतःचं मैदान किंवा बाग आहे का, की फक्त सहली काढतात? एका मोवरमागे किती विद्यार्थी? तीस जण भोवती उभे आणि एक जण चालवतोय असा फोटो माहितीपत्रकात असेल तर ते माहितीपत्रक खाली ठेवा. फवारणीची मात्रा प्रत्येकाला पंप लावून, पाणी मोजून काढायला लावतात का? गवत सर्वांत जोमानं वाढतं त्या काळात वर्ग बंद असतात का? बऱ्याच ठिकाणी नेमकी तेव्हाच सुट्टी असते. आणि मागच्या तुकडीतल्या दोघा-तिघांचे नंबर मागा. द्यायला का-कू केली तर समजून घ्या.

---

ब्रशकटर

सुट्टीचा प्रश्न जबरी आहे. आमच्याकडे परीक्षा संपल्यावर पाऊस पडायचा.