मदत हवी आहे: आठवी-नववीसाठी इतिहास प्रकल्प स्पर्धा कशी आखावी? (मुंबई)

परळची बाई
नमस्कार. परळच्या एका अनुदानित मराठी शाळेत आठवी-नववीला इतिहास शिकवते. दोन्ही वर्गांची मिळून साठेक मुलं आहेत. यंदा शाळेपुरती इतिहास स्पर्धा घ्यायची आहे, पण प्रश्नमंजूषा, वेशभूषा, वक्तृत्व नको. त्यात पाठांतर चांगलं असलेली तीच चार-पाच मुलं दरवर्षी बक्षीस नेतात. मुलांनी स्वतः शोधून, पुरावा दाखवून काही मांडावं असं मनापासून वाटतं.

शाळेने पाच हजार रुपये मंजूर केले आहेत. बऱ्याच घरांत एकच मोबाइल, तोही संध्याकाळीच हाती लागतो. विषय कसे द्यावेत? मुंबईत या वयाच्या मुलांना अस्सल साधनं कुठे पाहायला मिळतील? आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडून माहिती गोळा करायला सांगितलं तर ती कशी करायची?

दप्तरखाना
बाई, विषय देऊच नका, प्रश्न काढून घ्या. सगळं इथेच ठरतं. ‘मुंबईतील प्लेग’ असा विषय दिलात की दोन पानं उतरवून येतात. त्याऐवजी मुलांसमोर दोनच आकडे ठेवा. जनगणनेनुसार मुंबई शहराची लोकसंख्या १८९१ मध्ये ८,२१,७६४ आणि १९०१ मध्ये ७,७६,००६. वाढत्या शहरात दहा वर्षांत ४५,७५८ माणसं कमी कशी झाली? बहुतेक मुलं पटकन म्हणतील, ‘एवढी माणसं प्लेगने मेली.’ तिथे थांबवायचं. जनगणना त्या दिवशी शहरात असलेल्यांची होते; गावी पळून गेलेले त्यात नाहीत, दहा वर्षांतले जन्म आणि बाहेरून आलेले आहेत. म्हणजे वजाबाकी करून मृतांचा आकडा मिळत नाही. ही एक गोष्ट मुलाला नीट कळली तरी त्या प्रकल्पाचं चीज झालं.

पुढचा धागा तुमच्या दाराशीच आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात साथीचे पहिले रुग्ण ओळखले गेले, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. जीवाणुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली, तीच आजची हाफकिन संस्था. साथीमुळेच १८९८ मध्ये शहरसुधारणेसाठी बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट (बीआयटी) स्थापन झाला. दादरची हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, बीआयटी चाळी ही सगळी त्याची कामं. बीआयटी चाळीत राहणाऱ्या मुलाला ‘आमच्या चाळीच्या नावातली ही अक्षरं कुठून आली?’ एवढा प्रश्न पुरतो.

प्रश्न पारखायला तीन कसोट्या लावा. उत्तर एका वाक्यात संपतं का? संपत असेल तर बाद. साधन लोकलने तासाभरात गाठता येईल का? आणि उत्तर आधीच ठरलेलं तर नाही ना? शिवाजी महाराजांवर लिहायची इच्छा पुष्कळ मुलांना असते, ती मोडू नये. मात्र ‘महाराजांचे कार्य’ एवढा पसारा आठवीतल्या मुलाला झेपत नाही. महाराजांची पत्रं छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. त्यातलं एकच घ्या आणि विचारा, हे कोणाला लिहिलंय, का लिहिलंय, यावरून काय कळतं, काय कळत नाही.

भोंगा
मौखिक इतिहासाबद्दल लिहितो. परळ-लालबागमध्ये गिरणीत काम केलेली माणसं अजून घराघरांत आहेत. हे काम आत्ताच व्हायला हवं. ही पिढी सत्तरी-ऐंशी ओलांडतेय.

मुलाखतीला दोन मुलं पाठवा, एक विचारणारा, एक लिहिणारा. मोबाइल फ्लाइट मोडवर टाकायचा, नाहीतर मधेच फोन येऊन रेकॉर्डिंग थांबतं. फोन टेबलावर उघडा ठेवू नका, खाली घडी घातलेला रुमाल घाला. पेल्याचा, पंख्याचा आवाज कमी येतो. टीव्ही बंद. सुरुवातीलाच तारीख, जागा, बोलणाऱ्याचं नाव आणि ‘शाळेच्या प्रकल्पासाठी वापरायला माझी हरकत नाही’ हे त्यांच्याच आवाजात घ्या, शिवाय कागदावर सही. चाळीस मिनिटांच्या वर नेऊ नका, आजोबा थकतात.

‘कोणत्या साली?’ हा प्रश्न बहुधा फसतो. साल कोणाच्या लक्षात राहत नाही, किंवा चुकीचं पण ठामपणे सांगितलं जातं. ‘संपाच्या आधी की नंतर?’, ‘थोरल्याचं लग्न झालं होतं का तेव्हा?’ असं विचारा. मुंबईत खुंटी म्हणून तीन तारखा कामाला येतात: १८ जानेवारी १९८२ (डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा गिरणी संप सुरू झाला तो दिवस), १९९२-९३ च्या दंगली आणि २६ जुलै २००५ चा पाऊस. ‘गिरणीचं आयुष्य कसं होतं?’ असल्या ढोबळ प्रश्नाला ‘चांगलं होतं’ एवढंच उत्तर मिळतं. ‘पहिल्या पाळीला घरून किती वाजता निघायचात? डब्यात काय असायचं? साच्यावर (मागावर) कोणी बसवलं?’ असं विचारलंत की बोलणं सुरू होतं. बायकांनाही विचारा. खानावळ चालवणाऱ्या, संपात घर ओढणाऱ्या आजीकडे जे आहे ते छापलेलं फारसं सापडत नाही.

संपूर्ण मुलाखत उतरवायला लावू नका. तासाभराचं बोलणं लिहायला सवय असलेल्यालाही चार-पाच तास लागतात. दर पाच मिनिटांना ‘काय बोलले’ याची एक ओळ आणि महत्त्वाची दहा मिनिटंच शब्दशः, जसं बोलले तसंच, मालवणीत तर मालवणीत.

घरातले कागदही मागवा: गिरणीचा पास, पगाराची चिठ्ठी, भाड्याची पावती, जुनं रेशनकार्ड. मूळ कागद शाळेत आणायचा नाही. खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून, शेजारी फूटपट्टी ठेवून फोटो काढायचा, मागची बाजूही. हल्लीचे आधार, बँक क्रमांक झाकून घ्या.

आणि एक सावधगिरी. ‘संपामुळे गिरण्या बंद पडल्या’ हे वाक्य प्रत्येक वहीत येईल. जुनी यंत्रं, पॉवरलूमची स्पर्धा, जमिनीचे भाव हेही मुलांनी तपासलं पाहिजे. आठवण हा पुरावा आहे, निकाल नव्हे.

कुलाबकर
साधनांच्या जागा. तुम्हाला सर्वांत जवळ दादर पूर्वेचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. संस्था १८९८ ची आहे, आणि जुन्या मासिकांसाठी तिथला संदर्भ विभाग गाठावा. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदपत्रांचा संग्रह, आहे. तिथे साठ मुलं घेऊन जाऊ नका. आधी मुख्याध्यापकांच्या पत्रासह स्वतः जा, काय दाखवता येईल ते विचारा आणि मग निवडक आठ-दहा मुलांची भेट ठरवा. कागदपत्रं मुलांच्या हातात मिळतील असं गृहीत धरू नका. अभिलेखागार म्हणजे काय, फाइल मागवतात कशी, हे पाहणंही मोठं आहे.

वस्तूंसाठी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय. निघण्यापूर्वी फोन करून वार आणि वेळ विचाराच. घारापुरी सोमवारी बंद असते. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत, म्हणजे घारापुरी, कान्हेरी वगैरे, पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. शाळेची ओळखपत्रं मात्र न्या. संग्रहालयात ‘सगळं बघून या’ म्हणू नका. प्रत्येकाने एकच वस्तू निवडून वीस मिनिटं तिच्यासमोर बसायचं: चित्र काढायचं, कशाची आहे, कुठे झिजलीय, पाटीवर काय लिहिलंय आणि पाटीवर काय लिहिलेलं नाही.

मराठीत मुंबईवरचं पहिलं मोठं पुस्तक म्हणजे गोविंद नारायण माडगावकरांचं १८६३ चं ‘मुंबईचे वर्णन’. मुलांना वाचता येतं. १९०९ चं मुंबई शहराचं तीन खंडांचं गॅझेटिअर (सरकारी माहितीग्रंथ) नेटवर आहे, पण इंग्रजीत. त्यातले दोन परिच्छेद तुम्हीच मराठीत करून द्या, अख्खा खंड नको.

परळची बाई
सगळ्यांचे मनापासून आभार, हे फारच कामाचं आहे. आणखी दोन शंका. गुण कसे द्यावेत, आणि नेटवरून किंवा चॅटजीपीटीवरून आणलेलं कसं ओळखावं? दुसरं, नववीतली एक मुलगी विचारते, ‘बाई, इतिहासात पुढे काय शिकता येतं?’ तिला नीट उत्तर द्यायचं आहे.

शिरोरेखा
शंभर गुणांची माझी विभागणी: प्रश्न १५, पुरावे ३५, त्यांचा अर्थ लावणं ३०, मांडणी १०, तोंडी १०. मांडणीला दहाच्या वर गुण दिलेत की थर्माकोलचे किल्ले आणि पालकांनी छापून आणलेले फ्लेक्स जिंकतात.

अमेरिकेत १९७४ पासून चालणाऱ्या ‘नॅशनल हिस्टरी डे’ स्पर्धेचे नियम यासाठी बघा. निबंध, प्रदर्शन, माहितीपट, सादरीकरण, संकेतस्थळ असे प्रकार आहेत आणि प्रत्येकाला मर्यादा. प्रदर्शनात मुलांचे स्वतःचे शब्द ५०० च्या आत, माहितीपट दहा मिनिटांच्या आत. सोबत साधनांची यादी लागते, आणि प्रत्येक साधनापुढे ते कसं उपयोगी पडलं हे दोन-तीन वाक्यांत. आपल्याकडे निबंध आणि तक्ता हे दोनच ठेवा. मोबाइल नसलेलं मूल मागे पडू नये.

नक्कल शोधत बसण्यापेक्षा वाट अडवा. प्रत्येकाला चाळीस पानी वही द्या आणि तारखेसह नोंदी फक्त तिच्यातच. तीन टप्प्यांवर तपासा: प्रश्न, पहिली दोन साधनं, कच्चा मसुदा. यादीत स्वतः डोळ्यांनी पाहिलेलं साधनच चालेल. कुठे पाहिलं आणि पान क्रमांक लिहायचा. चॅटजीपीटी कधी अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकांची नावं पान क्रमांकांसकट देतं, ती इथेच उघडी पडतात. तोंडी परीक्षेला पालक बाहेर. दोन प्रश्न पुरतात: ‘हे वाक्य कुठल्या साधनावरून लिहिलंस ते दाखव’ आणि ‘तुझी दोन साधनं एकमेकांशी जुळत नाहीत अशी जागा कोणती?’ खरं काम केलेलं मूल दुसऱ्या प्रश्नाला खुलतं.

परीक्षक दोन ठेवा, एक बाहेरचा. एकाच प्रकल्पावर दोघांत पंधराहून जास्त गुणांचा फरक पडला तर एकत्र बसून पुन्हा बोला.

दप्तरखाना
त्या मुलीसाठी. मुंबईत बीएला इतिहास अनेक महाविद्यालयांत आहे. प्राचीन भारतीय संस्कृती हा विषय सेंट झेवियर्स आणि पार्ल्याच्या साठ्ये महाविद्यालयात मिळतो. एमएला कलिन्याला विद्यापीठाचा इतिहास विभाग, पुरातत्त्वासाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज. पुढे संग्रहालय, अभिलेखागार, जतन, संशोधन, अध्यापन. दहावीच्या पुस्तकातलं ‘उपयोजित इतिहास’ हे प्रकरण तिला आत्ताच वाचायला द्या.

मोडी लिपी (जुन्या मराठी कागदपत्रांची) मात्र आजच शिकायला सुरुवात करता येते. वर्णमाला दोन-तीन आठवड्यांत बसते, खरी अडचण पुढे येते: लेखणी न उचलता लिहिल्यामुळे शब्द एकमेकांना चिकटतात, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा नसतो. म्हणून आधी छापील मोडी, मग स्वच्छ हस्ताक्षराचं पत्र, हिशेबाचे कागद सर्वांत शेवटी. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, तारखा तिथेच विचारा.

वेळापत्रक: जुलैत प्रश्न, गणपतीपूर्वी पहिली साधनं, मुलाखती दिवाळीच्या सुट्टीत (गावाहून आलेली मंडळीही भेटतात), मसुदा नोव्हेंबरअखेर, स्पर्धा जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात. पाच हजारांत साठ वह्या, कार्डशीट, झेरॉक्स आणि निवडक मुलांचं लोकलचं भाडं बसतं. ट्रॉफ्या घेऊ नका. उरलेल्या पैशांत पहिल्या दहा प्रकल्पांच्या दोन-दोन प्रती बांधून घ्या, एक मुलाला, एक शाळेच्या ग्रंथालयात दाखल क्रमांकासह. पुढच्या वर्षीच्या मुलांना ते साधन म्हणून वापरता येतील.