ड्रॉपर सीटपोस्ट हळू वर येतो आणि बसलं की सेंटिमीटरभर खचतो

कासवाट
नमस्कार मंडळी. माउंटन बाइकचा ड्रॉपर, म्हणजे हँडलवरच्या लिव्हरने सीट खाली-वर करता येणारा सीटपोस्ट. पोस्ट ३०.९ मिमी जाडीचा, ट्रॅव्हल (सीटची खाली-वर चाल) १५० मिमी, केबल फ्रेमच्या आतून, सीट वर ढकलणारं गॅस कार्ट्रिज सीलबंद. पावसाळाभर यवतेश्वर-कासकडच्या लाल चिखलात चाललाय. लिव्हर दाबला की सीट सावकाश वर येते, शेवटचे तीनेक सेंटिमीटर हाताने ओढावे लागतात. शिवाय पूर्ण वर असताना बसलं की सेंटिमीटरभर खाली जाते. साताऱ्यात घरच्या घरी काय काय तपासता येईल? टॉर्क रेंच आणि शॉक पंप आहे.

मिरज_गियरवाला
या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, एकत्र धरू नका. हळू वर येणं म्हणजे बहुतेक वेळा कुठेतरी घासतंय. खचणं म्हणजे एक तर पोस्टच फ्रेममध्ये घसरतोय, नाहीतर कार्ट्रिज गेलंय.

आधी खचण्याचं बघा, दोन मिनिटांचं काम आहे. फ्रेमच्या तोंडाशी पोस्टवर इन्सुलेशन टेपचा वेढा द्या, बसा, उठा. टेप फ्रेमच्या आत सरकली तर पोस्ट घसरतोय. टेप जागेवर आणि तरी सीट खाली, तर दोष आतला.

मग सीट क्लॅम्प, म्हणजे पोस्ट फ्रेममध्ये पकडून ठेवणारी कडी. पोस्ट घसरतो म्हणून लोक तो आवळत जातात, त्याने बाहेरची नळी दबते आणि आतली नळी अडकायला लागते. क्लॅम्प पूर्ण सैल करून लिव्हर दाबा. सीट झटक्यात वर आली तर चोर सापडला. परत आवळताना ५ न्यूटन-मीटरच्या आसपास पुरे, फ्रेमवर आकडा छापला असेल तर तोच पाळा. तेवढ्यावर घसरत असेल तर पकड वाढवणारी कार्बन पेस्ट लावा, ती धातूच्या फ्रेमलाही चालते. जास्त आवळणं हा उपाय नव्हे.

शॉक पंप बाजूला ठेवा. सीलबंद कार्ट्रिजला व्हॉल्व्ह नसतो.

कृष्णाकाठ_एमटीबी
क्लॅम्प सैल करूनही फरक नाही पडला तर पोस्ट बाहेर काढा. हँडलकडून केबलचं आऊटर (तारेवरचं आवरण) आत सारत राहा, नुसता ओढलात तर आऊटरला आत पीळ पडतो. केबल सोडवा आणि तळाचा खटका हाताने दाबा. तोंड सीटच्या वर आणू नका, जोरात येते. आता झपकन वर आली तर दोष केबलचा, तरीही रेंगाळली तर कॉलरमध्ये (बाहेरच्या नळीच्या वरच्या तोंडावरची आट्यांची कडी) घाण.

केबल साधी गियरचीच असते. गंजलेली दिसली तर आतली तार आणि आऊटर दोन्ही बदला, नुसती तार बदलून उपयोग नाही. आऊटरचं तोंड सरळ कापा, चेपलं असेल तर टोच्याने गोल करा आणि टोपी बसवा. लिव्हरला १-२ मिमी मोकळी चाल ठेवा. ताण जास्त झाला तर खटका पूर्ण मिटत नाही आणि सीट कुठेच टिकत नाही. जोडल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. वळवल्यावर सीट सुटत असेल तर आऊटर आखूड आहे.

मिरज_गियरवाला
कॉलरबद्दल थोडं सविस्तर, कारण जांभ्याची ती बारीक लाल माती नेमकी तिथेच बसते. सीट पूर्ण वर घ्या, कॉलर हाताने फिरवून सोडा आणि वर सरकवा. आतला सील, बुश (नळी ज्यावर सरकते ती कडी) आणि सीट गोल फिरू न देणाऱ्या पितळी चाव्या दिसतील. कोणती चावी कोणत्या खाचेतली याचा आधी फोटो काढा, झिजेनुसार त्या कमी-जास्त मापाच्या असू शकतात. धागे न सोडणाऱ्या कापडाने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पेट्रोल किंवा गंज सोडवायचा स्प्रे नको, रबर खराब होतं. मग सस्पेन्शनचं पातळ ग्रीस सीलच्या ओठाला आणि खाचांना, तेही पुसट. बेअरिंगचं जाड ग्रीस भरलंत तर पोस्ट पहिल्यापेक्षा मंद होईल. कॉलर हातानेच बसवा, पान्याने आवळलीत तरी तेच.

कासवाट
सगळं केलं. क्लॅम्पने थोडाच फरक पडला, पण कॉलरमधून लाल चिखल निघाला आणि आता सीट टक् करून वर बसते. टेप मात्र हलली नाही, खचणं तेवढंच आहे.

कृष्णाकाठ_एमटीबी
मग कार्ट्रिजच. गॅस आतलं सील ओलांडून तेलात शिरला की तेलाचा खांब दबतो, म्हणून सीट स्पंजासारखी लागते. रॉकशॉक्स कंपनीच्या काही रिव्हर्ब ड्रॉपर पोस्टमध्ये हा गॅस बाहेर सोडायला खास व्हॉल्व्ह दिलाय, तुमच्या प्रकारात तशी सोय नाही. कार्ट्रिज उघडू नका, भोक पाडू नका, आत मोठा दाब असतो. नवं मागवताना पोस्टचं मॉडेल आणि १५० मिमी ट्रॅव्हल दोन्ही कळवा, १२५ चं कार्ट्रिज लांबीने बसत नाही. आणि सीट खाली असताना सायकल सीटला धरून उचलू नका, की सीटवर टांगून ठेवू नका. त्या ओढीनेच काही कार्ट्रिजमध्ये गॅस तेलात जातो.