मदत हवी आहे: ज्वारीवरच्या खोडमाशीची फवारणी कधी परवडते? हिशेबात कडबा कसा धरायचा?

नमस्कार मंडळी,

मंगळवेढा तालुक्यात आमची कोरडवाहू काळी जमीन आहे, रब्बीला मालदांडी (ज्वारीचा वाण) असते. शेतीचा जमाखर्च घरात मी लिहिते. त्यामुळे प्रश्न औषधाचा कमी, पैशाचा जास्त आहे.

परतीचा पाऊस लांबला की वापसा (पेरणीजोगी ओल) उशिरा येतो आणि पेरणी ऑक्टोबरच्या अखेरीला जाते. अशा रानात खोडमाशी जास्त लागते. तिची अळी आतला कोंब कुरतडते, पोंगा (मधलं गुंडाळलेलं कोवळं पान) वाळतो आणि ओढला की अलगद हातात येतो. मग बुडातून फुटवे येतात. सासऱ्यांचं म्हणणं, फुटवे भरून काढतात, औषधाला पैसे कशाला घालवायचे? पाण्याखालच्या ज्वारीत हे मला पटतं. कोरडवाहूत मात्र फुटवा निसवेपर्यंत (कणीस बाहेर पडेपर्यंत) जमिनीतली ओल संपत आलेली असते. कणीस बारीक राहतं, कधी येतही नाही. कडबा तेवढा थोडाफार मिळतो.

शिफारस आहे १० टक्के पोंगेमर, म्हणजे पोंगा वाळलेली रोपं, दिसली की फवारणी करायची. ४५ बाय १५ सेंमीवर एकरी साधारण ६० हजार ताटं (ज्वारीची झाडं) बसतात, म्हणजे ६ हजार ताटं मेल्यावर. पण पोंगा वाळलेला दिसतो तेव्हा ते ताट वाचवायची वेळ गेलेली असते, फवारणी उपयोगी पडते ती उरलेल्यांना. म्हणून उगवणीनंतर पहिले दोन आठवडे पानाखालची पांढरी, लांबुळकी अंडी मोजावीत असं वाटतं.

आता हिशेब. आकडे ढोबळ धरलेत. औषध आणि मजुरी मिळून एकरी १,२०० रुपये. ज्वारी ५ क्विंटल, भाव ३,००० रुपये, म्हणजे १५,००० रुपयांचं धान्य. खर्च निघायला ४० किलो ज्वारी वाचली पाहिजे, म्हणजे ८ टक्के. यात ६,००० रुपयांचा कडबा मिळवला तर माल २१,००० चा होतो आणि तोच खर्च ५.७ टक्क्यांवर निघतो. फरक लहान नाही. आमच्या भागात जनावरं कडब्यावरच जगतात आणि दुष्काळी वर्षी कडब्याला ज्वारीपेक्षा जास्त मागणी असते. मग फवारणीची मर्यादा नुसत्या धान्यावर का ठरवायची?

अडतं इथे: १० टक्के पोंगेमर म्हणजे १० टक्के घट नव्हे. लवकर मेलेल्या ताटाची जागा शेजारची ताटं आणि फुटवे काही प्रमाणात भरून काढतात. कोरडवाहू रब्बीत प्रत्यक्ष धान्य किती घटतं आणि कडबा किती, हे कुणी स्वतःच्या रानात वेगवेगळं मोजलंय का? फवारलेली आणि न फवारलेली पट्टी शेजारी ठेवून वजन केलं असेल तर ते आकडे मला हवेच आहेत.

बीजप्रक्रिया (पेरण्याआधी बियाण्याला औषध लावणं) आम्ही करतो. ती केल्यावर पहिली फवारणी वगळता येते का? बियाणं थोडं जास्त पेरून विरळणीत पोंगे मेलेली रोपं उपटून काढायची पद्धत मजुरीच्या आजच्या दरात परवडते का?

पीक विम्याचा आधार इथे फारसा नाही. किडीचं नुकसान महसूल मंडळातल्या (काही गावांचा गट) नमुना पीक कापणीवरून धरलं जातं, एकट्या उशिरा पेरलेल्या रानाची घट त्यात दिसत नाही.

शेवटचं, माव्याबद्दल (पानांचा रस शोषणारी बारीक कीड). तिचा चिकटा पडून पानं काळी झालेला कडबा जनावरं नीट खात नाहीत. तुमच्याकडे व्यापारी अशा कडब्याचा शंभर पेंढ्यांमागे किती भाव पाडतात?