स्टेला क्रामरिश यांचं ‘द हिंदू टेंपल’ कसं वाचावं?

जोतं:
कला-इतिहासकार क्रामरिश यांच्या १९४६ च्या या ग्रंथाचे दोन्ही खंड हाताशी आहेत, पण वास्तुपुरुषमंडलापाशी, म्हणजे देवतांना घरं वाटून दिलेल्या चौरस आकृतीपाशी, गाडी अडते. ६४ पदं (घरं) असोत वा ८१, देवता ४५ च कशा? आधी त्यांचं दुसरं काही वाचावं का? घारापुरीच्या लेण्यासाठी कोणतं लेखन उपयोगी पडेल?

कंगोरा:
पहिल्या पानापासून सरळ वाचत सुटू नका. बार्बरा स्टोलर मिलर यांनी १९८३ मध्ये संपादित केलेला क्रामरिश यांच्या निवडक लेखांचा संग्रह आधी घ्या, त्यात चरित्रही आहे. जन्म १८९६, मोराव्हियातला. १९१९ मध्ये व्हिएन्नाची डॉक्टरेट, मग रवींद्रनाथांच्या बोलावण्यावरून शांतिनिकेतन आणि पुढे १९५० पर्यंत कलकत्ता विद्यापीठ. विष्णुधर्मोत्तर या पुराणाच्या चित्रकलेवरच्या भागाचं भाषांतर त्यांनी १९२० च्या दशकातच केलं होतं. पोथी आणि दगड एकत्र वाचायची सवय तिथली. म्हणून मूळ ग्रंथ वाचताना दुसऱ्या खंडातली रेमंड ब्युर्निए यांची छायाचित्रं कायम उघडी ठेवा.

गलथा:
मंडल नुसतं वाचून कळत नाही, कागदावर काढा. पूर्व वर ठेवा, म्हणजे ईशान्य कोपरा डावीकडे वर येतो. शिखी ही पहिली देवता तिथे, आणि तिथूनच उजवीकडे मोजत जायचं. ९×९ च्या चौकटीत कडेची घरं बरोबर ३२ भरतात, म्हणून ३२ देवता कडेला. उरलेल्या १३ आत, त्यांत मधली ९ पदं ब्रह्मदेवाची. ८×८ मध्ये कडेला २८ च घरं! इथेच सगळे अडतात. चारही कोपऱ्यांची पदं कर्णरेषेने दुभागा, २८ ची ३२ ठिकाणं होतात. ब्रह्मदेवाला इथे ४ पदं. काही देवतांचा ताबा आतल्या ओळीतही जातो, तेव्हा ‘एक घर, एक देवता’ धरून मोजलंत तर हिशेब चुकणारच.

कपोत:
मंडल म्हणजे बांधकामाचा नकाशा नव्हे, हे त्या स्वतःच सांगतात. मात्र सहाव्या शतकातली बृहत्संहिता आणि अकराव्या शतकातलं समरांगणसूत्रधार हे काळाने इतके दूरचे संस्कृत ग्रंथ त्या एकाच धाग्यात ओवतात, ती मला या ग्रंथाची खरी दुबळी बाजू वाटते. त्यावर उतारा म्हणून कला-इतिहासकार मायकेल मायस्टर यांचे लेख सोबत वाचा. आरंभीच्या नागर (उत्तर भारतीय शैलीच्या) मंदिरांच्या तळाची मापं ६४ पदांच्या चौकटीत कशी बसतात, हे त्यांनी प्रत्यक्ष मोजमापांवरून दाखवलं आहे.

घारापुरीसाठी ‘द प्रेझेन्स ऑफ शिव’ (१९८१) चं परिशिष्ट. तिथल्या तीन मुखांच्या भव्य शिल्पासाठी ‘त्रिमूर्ती’ हा शब्द बाजूला ठेवा, तो सदाशिव, म्हणजे एकट्या शिवाचंच रूप आहे. आपल्या डावीकडचं उग्र मुख अघोराचं, हातात नाग. उजवीकडचं वामदेवाचं, हातात कमळ. उत्तरेच्या दारातून शिरलं की समोर तोच दिसतो आणि सगळे थेट तिकडे जातात. आधी पूर्वेच्या बाजूला जाऊन पश्चिमेकडे, चार दारांच्या लिंगगर्भगृहाकडे बघा. लेण्याचे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन अक्ष तिथून स्पष्ट होतात. सोमवारी लेणी बंद असतात.